मदत हवी आहे: नवी मुंबईत नेरूळच्या तळ्यावर सकाळी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) नेमके कधी येतात?

खाडीकाठ: डीपीएस तलाव, फेरीची वेळ साडेसहा ते आठ, हंगाम डिसेंबर ते एप्रिल. एका सकाळी तळं गुलाबी, दुसऱ्या सकाळी फक्त चार शेकाटे (लांब पायांचे छोटे पाणपक्षी). भरती-ओहोटीशी संबंध आहे हे कळतं, पण त्यावरून दिवस कसा ठरवायचा? दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी) आहे.

तिवर: रोहित चरतात ठाणे खाडीच्या चिखलावर, ओहोटीला. तळं ही त्यांची भरतीपुरती विसाव्याची जागा. चिखल बुडायला लागला की थवे उठतात, त्यामुळे भरतीच्या तासभर आधी पोचलेलं बरं. वेळेसाठी कोळ्यांचा हिशेब धरा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमीला, म्हणजे दहाची पाऊणपट, साडेसात, शुद्ध असो वा वद्य. प्रत्यक्ष भरती याहून थोडी उशिरा असते, तेव्हा मुंबईच्या भरतीच्या तक्त्यात ताडून घ्या. वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते.

खाडीकाठ: मग अष्टमी-नवमीला सहा-सातच्या भरतीला तळं भरायला हवं. नेमकं तेव्हाच रिकामं असतं!

निवटी: कारण ती भांगाची, म्हणजे लहान भरती. पाणी कमी चढतं, वरचा चिखल उघडाच राहतो, मग पक्षी चरणं सोडून कशाला उठतील? उधाण पुनवेला-अवसेला, आणि मुंबईत उधाणाची भरती बारा-साडेबाराच्या सुमारास, दुपारी आणि मध्यरात्री. साडेसहा ते आठच्या फेरीत मोठी भरती कधीच सापडणार नाही. दोष तुमच्या नशिबाचा नाही, घड्याळाचा आहे. द्वादशी-त्रयोदशीला सुट्टी येत असेल तर साडेआठला निघा. तक्त्यात उंची ४ मीटरच्या वर असलेले दिवस धरा.

तिवर: उभं राहायचं पूर्वेच्या काठावर, सूर्य पाठीशी. (शिवडीला सकाळी नेमकं उलटं: सूर्य समोर, पक्षी काळे दिसतात.) चोच गडद लाल-काळपट तो छोटा रोहित, उंच, पांढरट, गुलाबी चोचीचं टोक काळं तो मोठा. थव्यातल्या सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या तर तुम्ही जास्त जवळ गेलात. मागे या.

खाडीकाठ: आणि पुनवेच्या आसपासच्या सकाळी?

निवटी: तेव्हा सहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. तळं सोडा, खाडीच्या कडेला जा: निवट्या (चिखलातले मासे), आणि तुतवार, पाणटिवळे हे चिखलात चरणारे पक्षी. रोहित असतील, पण लांब. ८×४२ मध्ये गुलाबी रेघ दिसेल इतकंच.