गाडीने सोडलं की पोरगा पांगळा?

पाचपाखाडीची आई: काल इथे एका काकांनी लिहिलं, "हल्लीच्या आयांनी पोरं पांगळी केली. आम्ही दहावीनंतर एकटे लोकलने हिंडायचो. सोळा वर्षांच्या घोड्याला क्लासला सोडायला आई कशाला?" खाली टाळ्याच टाळ्या. काका, तुम्हाला तेव्हा रात्री नऊपर्यंत क्लासला कोण बसवत होतं? माझा मुलगा अकरावी इंटिग्रेटेडला आहे, म्हणजे कॉलेज आणि क्लास जोडलेले, कॉलेज कागदावर आणि फी दोन्हीकडे. क्लास वाशीला. संध्याकाळी ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर उभे राहा, मग बोलू. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ माणसं लोकलच्या दारातून पडून गेली, ती काय पांगळी होती?

ऐरोलीकर बाबा: मुंब्र्याची गर्दी वाशी लाइनला कशाला चिकटवताय? माझी मुलगी ऐरोलीहून ठाण्याला एकटी येते. मध्ये एक दिघा गाव. पहिल्या आठवड्यात रडली, आता मलाच इंडिकेटर वाचून दाखवते. आणि प्रश्न लोकलचा नाहीच. रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं खातं स्वतः चालवायची मुभा दिली. आमच्या सोसायटीतले सतरा वर्षांचे वीर अजून "पप्पा, ओटीपी" करतात.

घोडबंदरत्रस्त: स्टेशनच्या गप्पा स्टेशनजवळच्यांनी माराव्यात. कासारवडवलीहून स्टेशन गाठेपर्यंत मुलाचा अर्धा अभ्यासक्रम होतो. मेट्रोची कामं, खड्डे, कंटेनर, आणि टीएमटीची बस येईल तेव्हा येईल. मी सरळ मुलाला स्कूटर दिली. सतरा पूर्ण, हेल्मेट घालतो. पेट्रोल, हवा, पंक्चर सगळं तोच बघतो. झाला की नाही स्वावलंबी?

नौपाड्याचा वकील: अभिनंदन. मोटार वाहन कायदा, कलम 199अ. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद, 25,000 दंड. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द, मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीत नव्हतं" म्हणायचीही सोय राहिली नाही, इथेच लिहून दिलंत.

घोडबंदरत्रस्त: सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं. अर्धवट ज्ञान नको.

नौपाड्याचा वकील: मिळतं. विनागिअर, 50 सीसीपर्यंत. शोरूममध्ये तसली स्कूटर शेवटची कधी पाहिलीत?

घोडबंदरत्रस्त: कोर्टात बसून रस्ते कळत नाहीत. माजिवड्याला उलट्या दिशेने येणारे टँकर पकडा आधी, मग माझ्या पोराकडे वळा!

नौपाड्याचा वकील: त्याच टँकरांपुढे तुम्ही पोराला सोडताय. मी तेच म्हणतोय.

पाचपाखाडीची आई: म्हणजे मी गाडीने सोडलं तर पांगळा, आणि यांनी बेकायदा स्कूटर दिली तर स्वावलंबी. छान आहे.

ऐरोलीकर बाबा: ताई, रात्रीचं तुमचं मान्य, नाइलाजाने. पण सकाळी गाड्या मोकळ्या असतात तेव्हा? आणि डबा कोण भरतं?

पाचपाखाडीची आई: डबा मी. कुकर तो लावतो, शिट्ट्या किती ते मात्र मला ऑफिसात फोन करून विचारतो. खूश? रविवारची टेस्ट सकाळी असते, त्या दिवशी पाठवते लोकलने. पडला-झडला तर तुमचा नंबर देऊन ठेवते.

ऐरोलीकर बाबा: द्या. रविवारी मेगाब्लॉक तेवढा बघून पाठवा.

घोडबंदरत्रस्त: आणि वकीलसाहेब, 110 ची समजू नका. 125 ची आहे.