‘फॉलिबल’ रूपांतराला मराठीत काय म्हणावे?

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेवर मराठीत लिहितोय. एका प्रकारची किंमत दुसऱ्या प्रकारात नेणाऱ्या ‘फ्रॉम’ला नुसते ‘रूपांतर’ म्हणून भागते, पण ‘ट्रायफ्रॉम’पाशी अडलोय. ते ‘फॉलिबल’ कन्व्हर्जन, म्हणजे जमेलच असे नाही. कोशात ‘स्खलनशील’ आणि ‘प्रमादशील’ सापडले. पहिला वाचून बायको हसली, तो बाद. ‘प्रमादशील रूपांतर’ चालेल?

—

नाही चालणार. प्रमाद म्हणजे चूक, आणि ट्रायफ्रॉम चूक करतच नाही. यू३२ (३२ बिटांचा पूर्णांक) मधले ३०० यू८ (८ बिटांचा) मध्ये घालायला सांगा. तिथे २५५ पर्यंतच मावते, म्हणून ते सरळ एरर हातात ठेवते. तेच काम ‘अ‍ॅज’ला (रस्टचा थेट प्रकार बदलणारा शब्द) सांगा, कुरकुर न करता ४४ देईल (३०० वजा २५६). कधी अडत नाही, बिनदिक्कत चुकते. प्रमादशील म्हणायचेच तर त्याला म्हणा!

—

मग ‘फसू शकणारे’?

—

फसलेली पुरणपोळीसुद्धा ताटात येते हो. इथे ताटात काहीच येत नाही. मला ‘मावले तर रूपांतर’ आवडेल.

—

‘मावणे’ गोड आहे, पण पुरत नाही. यू३२ पासून कॅरेक्टर (एक अक्षरचिन्ह) करताना डी८०० ते डीएफएफएफ हे (सोळा पायाचे) आकडे नाकारले जातात. कमाल मर्यादेच्या कितीतरी खालचे आहेत, मावायची अडचणच नाही. ते सरोगेटसाठी (मोठ्या आकड्यांची अक्षरे जोडीने लिहायचे अर्धे तुकडे) राखीव, म्हणून नकार. मुद्दा नकाराचा आहे. एरियन ५ रॉकेट आठवा, ४ जून १९९६. अ‍ॅडा भाषेतला प्रोग्राम, ६४ बिटांचा अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात बसेना. अ‍ॅडाने नकार दिला होता, तो झेलायची सोय त्या जागी ठेवली नव्हती. उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत रॉकेट गेले. रस्टमध्ये नकार ‘रिझल्ट’मध्ये (किंमत किंवा एरर यांपैकी एक असलेल्या गाठोड्यात) बांधून येतो, गाठोडे सोडल्याशिवाय आतली किंमत मिळत नाही. (नकार आला तर प्रोग्रामच पाडणारे ‘अनरॅप’ लावून मोकळे होणाऱ्यांबद्दल न बोललेले बरे.)

—

म्हणजे ‘नकारक्षम’?

—

‘क्षम’ लागले की शासननिर्णय वाचतोय असे वाटते.

—

मूळ प्रश्नकर्ता: पहिल्यांदा ‘नकार देऊ शकणारे रूपांतर’ असे सविस्तर लिहितो, पुढे ‘ट्रायफ्रॉम’च. पण यू८ चे यू३२ करताना नकाराचा प्रश्नच नाही, त्या ‘इन्फॉलिबल’ला काय म्हणू? ‘अप्रमादशील’ नको.

—

हुकमी. एक्का असतो ना, तसे.