सल्ला हवा: १२ वर्षांच्या लेकीला मे महिन्यात व्हायोलिन शिबिराला पाठवावं का? (बजेट ३५ हजार)

कोथरूडची_आई
नमस्कार मंडळी. लेक १२ वर्षांची, जूनमध्ये सातवीत जाईल. पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकते, वाद्याचं माप ३/४, म्हणजे पूर्ण मापाहून लहान. सुझुकी पद्धतीचं चौथं पुस्तक चालू आहे, त्यातला विवाल्डीचा ए मायनर कॉन्चेर्टो नुकताच हातात घेतलाय. घरी रोज तासभर वाजवते, पण आजवर चारचौघांत बसून कधी वाजवलेलं नाही. सरांकडे एकटी जाते, एकटी वाजवते आणि परत येते.

दोन पर्याय आहेत. एक हिल स्टेशनवरचं तीन आठवड्यांचं निवासी शिबिर, दिवसाला सहा-सात तास वादन, फी ३२ हजार, प्रवास वेगळा. दुसरं इथेच पुण्यात, कॅम्प भागात, दोन आठवडे, सकाळी नऊ ते एक, फी बरीच कमी. सगळं धरून ३५ हजारांच्या वर जाता येणार नाही. ज्यांची मुलं जाऊन आली आहेत त्यांनी सांगा: इतके तास हाताला झेपतात का? मुलींच्या राहण्याबद्दल काय काय विचारून घ्यावं? आणि परत आल्यावर फरक दिसतो का?

बाणेरकर_बाबा
आधी व्हायोलिन बदला. १२ व्या वर्षी ३/४? आमच्या चिरंजीवांना आम्ही थेट पूर्ण मापाचं जर्मन वर्कशॉपचं घेतलं, सव्वा लाख पडले, वर डॉमिनंटच्या तारा. आवाज ऐकून शेजारचे विचारायला आले. शिबिरावर ३२ हजार घालवण्यापेक्षा ते वाद्यात घाला, वाद्य घरात राहतं.

चिंचवडचा_चेलो
@बाणेरकर_बाबा, बजेट ३५ हजार आहे, शीर्षकातच लिहिलंय. आणि माप वयावरून ठरत नाही. व्हायोलिन हनुवटीखाली धरून डावा हात सरळ पसरायचा. पुढचा वळसा तळहातात आरामात आला आणि बोटं त्याच्याभोवती वळली तर माप बरोबर. हात ताणून वाजवणाऱ्या मुलांची करंगळी कायम कमी सुरात लागते.

पेठकर
पुण्यात राहून शिबिरं कसली शोधता? मुंबई गाठा. एनसीपीएला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, तिथे मुलांना शिकवतातही. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन धरायची आणि संध्याकाळी तिनेच परत. माझ्या पुतणीला आम्ही तसंच नेत होतो. तीन आठवड्यांचं शिबिर म्हणजे नुसती जत्रा.

सप्तक
मूळ प्रश्न वेगळा आहे हे मान्य, तरी लिहितो. व्हायोलिनवादक वि. गो. जोग मूळचे वाईचे, इथून दोन तासांवर. डी. के. दातारांचं व्हायोलिन ऐकलं की माणूस गातोय असं वाटतं. घरात एवढी परंपरा असताना मुलांना विवाल्डीच का? मांडी घालून बसवा, वाद्याचं डोकं पावलावर टेकवा, तारा सा-प-सा-प लावा. डावा हात वाद्य पेलण्यातून सुटतो आणि मींड आपोआप येते.

बाणेरकर_बाबा
इतके दिवस उभं राहून शिकलेल्या मुलीला आता खाली बसवायचं? काहीतरीच.

दोन_लेकींची_आई
आमची थोरली अशाच एका निवासी शिबिराला गेली होती, त्यामुळे मुद्द्याचं लिहिते. दिवस असा: सकाळी स्केल्स आणि एट्यूड (हात तयार करणाऱ्या सरावाच्या रचना), मग एकट्याचा सराव, जेवणानंतर चौघाचौघांचे गट, संध्याकाळी सगळा ऑर्केस्ट्रा. घरी तासभर वाजवणारी मुलगी पहिल्याच दिवशी सहा तासांवर गेली. चौथ्या दिवसापासून डावा खांदा धरला. ती घरी किती वाजवते हे आयोजकांनी आधी विचारलंच नव्हतं आणि दुखतंय म्हटल्यावर "होईल सवय" एवढंच उत्तर मिळालं. त्याचा राग मला अजून आहे. दुखत असताना मुलांना वाजवायला लावू नये, हे शिकवणाऱ्यांना कळायला हवं.

पाठवायचंच असेल तर मार्चपासून दर आठवड्याला दहा-पंधरा मिनिटं वाढवत न्या. पाऊण तास वाजवलं की दहा मिनिटं वाद्य खाली. राहण्याचं विचाराल तर: मुलींच्या खोल्यांजवळ रात्री बाई कोण असते, किती मुलींमागे एक, आजारी पडली तर डॉक्टर किती लांब, आणि मुलगी रोज घरी फोन करू शकते का. या प्रश्नांना आढेवेढे घेतले तर पैसे भरू नका. माझं मत विचाराल तर यंदा कुठेच नको, पुढच्या वर्षी बघा. कॅम्पातलं अर्ध्या दिवसाचं म्हणजे एक वाजता घरी येऊन मोबाइल.

न्यू_जर्सी_पुणेकर
आमच्याकडे ही गोष्ट फार गंभीरपणे घेतात. न्यू यॉर्क राज्यातलं मेडोमाउंट हे उन्हाळी संगीत विद्यालय व्हायोलिनचे गुरू इव्हान गॅलामियननी १९४४ मध्ये सुरू केलं, प्रसिद्ध व्हायोलिनवादक पर्लमन तिथलेच. उन्हाळ्याचे सात आठवडे, रोज पाच तास खोलीत सराव. मुलीचं रेकॉर्डिंग आत्तापासून करून ठेवा, दोन-तीन वर्षांत अर्ज करता येईल. आमच्या मुलाची इंटरलोकनच्या संगीत शिबिराला निवड झाली होती.

सिंहगडरोड_वाचक
खांद्याबद्दल +१. सावकाश वाढवा. आणि मे महिन्यात व्हायोलिन बंद गाडीत ठेवू नका, पाच मिनिटंसुद्धा. सरसानं चिकटवलेलं असतं, उन्हात सरस मऊ पडतो आणि सांधे उकलतात. आमचं तसंच उकललं, दुरुस्तीवाल्याने महिना लावला. जादा ई तार बरोबर द्या, तीच सगळ्यात आधी तुटते. वाजवून झालं की गज सैल करायचा, हे दहादा सांगा.

चिंचवडचा_चेलो
फरक दिसतो का, या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही. दिसतो, आणि तो तासांमुळे नसतो, चौघांत बसल्यामुळे असतो. चौघांत हातवारे करायला कंडक्टर नाही, पहिलं व्हायोलिन श्वास घेतं त्यावर सगळ्यांनी उचलायचं. एक उदाहरण देतो. डी तारेवरचं पहिलं बोट, म्हणजे ई. ते रिकाम्या ए तारेशी चोख जुळवा. आता बोट न हलवता तेच ई रिकाम्या जी तारेबरोबर वाजवा. चढं लागतं, बोट कणभर मागे घ्यावं लागतं. एकट्या मुलीला हे वर्षभर सांगून कळत नाही. शेजारी चेलोवर कुणी जी धरून बसलं की दोन मिनिटांत कान स्वतःच शोधतो.

त्यात सुझुकीची मुलं कानावर वाढलेली, नोटेशन बघून वाचण्यात बहुतेकदा मागे. शिबिरात तेच आडवं येतं. गटाची पानं महिनाभर आधी मागून घ्या आणि सरांकडून पेन्सिलने बोटं लिहून आणा. पण हे सगळं मुरायला दोन आठवडे, चार तास पुरत नाहीत. माझं मत निवासीच.

सप्तक
जी ला सा माना, ई झाला धैवत. आमच्याकडे हे पहिल्या वर्षी तंबोऱ्यावर शिकवतात!

पेठकर
तेच म्हणतोय, चौघांत वाजवायचं तर मुंबई. सव्वासातची गाडी आहे.

कोथरूडची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल लेकीला घेऊन कॅम्पातल्या शिबिराच्या जागी जाऊन आले. तिथे व्हायोलिनवाली मुलं भरपूर, व्हायोला (व्हायोलिनसारखाच, पण खालच्या सुरांचा) वाजवायला कुणीच नाही, त्यामुळे गट अडून बसलेत. बाईंनी कपाटातून १३ इंची व्हायोला काढून हिच्या हातात दिला. हिने खालची सी तार ओढली आणि मला न विचारता "मी हे वाजवेन" म्हणून सांगून टाकलं. तर तिथेच घालतेय. शिबिरापुरतं वाद्य ते देणार आहेत. उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या निवासी शिबिरासाठी बाजूला ठेवते. सरावाचा वेळ मार्चपासून वाढवणार, पानं आजच मागितली.

बाणेरकर_बाबा
व्हायोला?! विवाल्डी अर्धवट सोडून? हात बिघडेल तिचा. सव्वा लाखाचं नको तर निदान साठ-सत्तरचं व्हायोलिन बघा.

चिंचवडचा_चेलो
१३ इंची व्हायोला म्हणजे मापाने ३/४ व्हायोलिनच, हात बिघडत नाही. फक्त तारा सी-जी-डी-ए आणि वाचायला आल्टो क्लेफ, म्हणजे व्हायोलाच्या नोटेशनची वेगळी खूण. ती आजपासून रोज दहा मिनिटं वाचायला लावा, वाद्य हातात न घेता, नुसतं सूर म्हणत. मी निवासी म्हटलं होतं, तरी व्हायोला मिळतोय तर जाऊ दे तिला. मधला आवाज वाजवलेल्या मुलांचा कान वेगळाच तयार होतो.

दोन_लेकींची_आई
खांदा सांभाळा. व्हायोला थोडा जड असतो, शोल्डर रेस्ट बाईंसमोरच लावून बघा.