विंचू उतरवणारा मांत्रिक: गाडी येईपर्यंत चालू द्यावा का?

धागाकर्ता
कोकणात विंचू चावला की आघाड्याचं मूळ उगाळून लावणारा, निरगुडीच्या डहाळीने वरून खाली ‘उतरवणारा’ वाडीत कोणीतरी सापडतो. माझं मत स्पष्ट आहे: दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंतसुद्धा हे नको. मांत्रिक विचारतो, “कळ कुठवर उतरली?” कळ थांबली म्हणजे विष उतरलं, हा त्याचा हिशेब. लाल विंचवाच्या बाबतीत हाच हिशेब घात करतो. नुसती जबर कळ असेल तर बहुधा धोका कमी. ओकाऱ्या, दरदरून घाम आणि गार हातपाय दिसले, तर कळ कितीही कमी असो, विष अंगभर भिनलंय.

गाऱ्हाणं
इतकं टोक कशाला? बहुतेक दंश दिवसभरात आपसूक शमतात. घाबरलेल्याला धीर मिळाला तर बिघडलं कुठे? आणि ही अडाण्यांची समजूत नव्हे. आयुर्वेदाच्या आठ अंगांत भूतविद्या आहे, सुश्रुताने विषावर मंत्र सांगितलेत.

कल्पस्थान
मग सुश्रुत पुढेही वाचा. स्वर-वर्ण चुकलेला मंत्र सिद्धीस जात नाही, म्हणून अगद म्हणजे विषावरची औषधं वापरावीत, असं तोच सांगतो. त्याने विंचू 30 प्रकारचे मोजले: 12 मंदविष, 3 मध्यविष, 15 तीव्रविष. मंद शेणातून उपजतात, तीव्र कुजलेल्या सापातून, ही उपपत्ती चुकली. पण सगळ्यांचं विष सारखं नसतं हे त्याने ओळखलं. आपण आकारावर जातो. थोरल्या काळ्या इंगळीला घाबरतो आणि जीवघेण्या लहान लाल विंचवाला किरकोळ समजतो.

धागाकर्ता
बिघडतं ते वेळेत. विषाने मज्जातंतू सतत उद्दीपित राहतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी भरतं. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध वापरून हीच साखळी तोडली. डॉक्टर प्रौढाला साधारण 1 मिलिग्रॅम, मुलाला किलोमागे 30 मायक्रोग्रॅम देतात आणि हातपाय ऊबदार होईपर्यंत दर 3 तासांनी पुन्हा. रुग्ण आडवाच हवा, एकदम उठवला तर रक्तदाब कोसळतो. त्यांच्याच 2011 च्या अभ्यासात सोबत प्रतिविष दिल्यावर बरं व्हायला सरासरी 8 तास लागले, नुसत्या प्राझोसिनने 17.7.

आणि रात्री पेंढ्यात दंश झालेलं लहान मूल काही सांगू शकत नाही. घामाने थबथबलेलं, गार पडलेलं, ओकणारं पोर पाहून घरचे ‘बाहेरचं लागलं’ म्हणतात आणि नारळ ओवाळत बसतात. भुताची समजूत इथे थेट निदानाच्या आड येते.

कायद्याची बाजू
2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5,000 ते 50,000 रुपये. गुन्ह्याचा गाभा रोखण्यात आहे, हे लक्षात घ्या.

गाऱ्हाणं
मुलाचा मुद्दा मान्य. पण कायदा रात्री दोन वाजता दारात येत नाही, लोक मांत्रिकाकडेच धावतात. त्याला वाळीत टाकाल तर तो लपून करील. गार हातपाय ओळखायला त्यालाच शिकवा ना.

धागाकर्ता
शिकवूया, पण क्रम पक्का हवा. आधी गाडी बोलवायची. मग पायाची बोटं मुठीत धरून पाहायची, कपाळाचा घाम आणि ओकारी विचारायची, दंशाची वेळ कागदावर लिहून सोबत द्यायची. दंशावर चिरा नको, आवळून बांधणं नको. गाडी आली की डहाळी खाली ठेवायची, मंत्र अर्धा राहिला तरी.