हौदातील वॉटर लिलीला कळ्या धरत नाहीत, पाणीही सतत हिरवे होते

प्रश्न : परसबाग, सांगली

सप्रेम नमस्कार. आमच्या परसात सिमेंटचा जुना हौद आहे. तो ६ फूट लांब, ४ फूट रुंद व २ फूट खोल असून धुण्याभांड्यांसाठी त्याचा वापर उरला नाही, म्हणून मी त्यात वॉटर लिली लावली. रोपवाटिकेतून आणलेले रोप कोकोपीटच्या मिश्रणासह कुंडीत बसवून ती कुंडी हौदाच्या तळाशी ठेवली आहे. पाने येतात, परंतु ती लहान व पिवळसर असतात आणि कळी अद्याप एकही धरलेली नाही. पाणी हिरवे होते म्हणून दर आठवड्याला हौद उपसून पुन्हा भरते, तरी काही दिवसांतच ते पूर्ववत हिरवे दिसते. सकाळी अकरापर्यंत हौदावर ऊन असते, त्यानंतर आंब्याची सावली येते. शेजारच्या काकू डासांच्या भीतीने हौद बुजवण्यास सांगत आहेत. मला तो मनापासून राखायचा आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : कोकणी माळी, रत्नागिरी

ताई, सर्वप्रथम हौद उपसणे थांबवावे. पाण्याला हिरवा रंग सूक्ष्म शेवाळामुळे येतो आणि त्याला ऊन व पाण्यात विरघळलेले क्षार एवढेच पुरते. दर वेळी भरलेल्या ताज्या पाण्याबरोबर क्षारांचा नवा साठा येतो, शिवाय पाण्यातील स्थिरावत आलेली जीवसृष्टी पुन्हा मोडते. लिलीची पाने पृष्ठभागाचा निम्म्याहून अधिक भाग झाकू लागली की खालचे ऊन कमी होते आणि पाणी आपोआप निवळते. तोपर्यंत उन्हाने आटेल तेवढीच भर घालावी आणि पिवळी पाने देठाच्या बुडाशी कापून बाहेर काढावीत, कारण ती कुजली की शेवाळालाच खाद्य मिळते. आपला हौद जुना आहे हे चांगले झाले. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि झाड लावण्याआधी असा हौद अनेकदा भरून रिकामा करावा लागतो.

उत्तर : जलवनस्पती छंदी, पुणे

वरील सल्ला योग्यच आहे, परंतु कळ्या न येण्याचे मूळ माझ्या मते माती आणि खोली यांत आहे. कोकोपीट हलके असते, पाण्यात सुटून तरंगते आणि त्यात लिलीच्या भुकेला पुरेल असे पोषण जवळजवळ नसते. तिला जड, चिकट माती लागते. आपल्याकडची काळी माती किंवा तळ्याचा वाळलेला गाळ उत्तम. मात्र त्यात ताजे शेणखत मिसळू नये, कारण ते पाण्याखाली कुजून दुर्गंधी सुटते आणि मुळे सडतात. उंच कुंडीऐवजी पसरट, बिनभोकाचे प्लास्टिकचे घमेले घ्यावे, मातीवर बोटभर जाडीचा वाळूचा थर द्यावा आणि कोंब वाळूत गाडला जाणार नाही याची काळजी घ्यावी. शीत प्रदेशातील, म्हणजे हार्डी, जातीचा कंद आडवा वाढत जातो, म्हणून तो घमेल्याच्या कडेला, कोंब मध्याकडे करून लावतात. उष्ण प्रदेशातील जात मधोमध लावावी.

घमेले थेट तळाशी न ठेवता आधी विटांवर असे ठेवावे की कोंबावर वीतभरच पाणी राहील, आणि पाने जोमाने येऊ लागली की एकेक वीट काढत कोंबावर दीड फुटापर्यंत पाणी येऊ द्यावे. खत कधीही पाण्यात टाकू नये. महिन्यातून एकदा चमचाभर डीएपी कागदात गुंडाळून मुळांजवळ मातीत खोलवर खोचावे. ते मातीतच राहिले तर झाडाला मिळते, पाण्यात उतरले तर शेवाळाला. पाने पाण्याच्या वर उभी राहून एकमेकांवर चढू लागली, तर घमेल्यात दाटी झाली असे समजून कंद विभागावा.

कळी आल्यावर फुलाकडे जवळून अवश्य पाहावे. पहिल्या दिवशी फुलाच्या मध्यभागी वाटीसारख्या जागेत पातळ द्रव साठलेला असतो आणि तेव्हा फक्त स्त्रीकेसर तयार असतात. दुसऱ्या दिवसापासून द्रव आटतो आणि पुंकेसर परागकण सोडू लागतात. दुसऱ्या फुलाचे परागकण अंगावर घेऊन आलेला कीटक त्या द्रवात उतरला की परागीभवन साधते, आणि कधी कधी तो तिथेच बुडतोही. फूल साधारण तीन-चार दिवस उघडमीट करते.

उत्तर : तळेकाठ, नाशिक

डासांबाबत लिहितो. हौदात गप्पी मासे सोडावेत, ते डासांच्या अळ्या खातात. अनेक ठिकाणी पालिकेचा हिवताप विभागही ते देतो. पाणी नळाचे असेल तर क्लोरीन उडून जाण्यासाठी ते एक-दोन दिवस उघडे राहू द्यावे आणि मगच मासे सोडावेत. हे मासे ओढ्यात किंवा नैसर्गिक तळ्यात मात्र सोडू नयेत, तेथील मूळच्या माशांना त्यांचा उपद्रव होतो. पानांवर मावा दिसल्यास औषध न फवारता पाने काही वेळ पाण्याखाली दाबून धरावीत. मावा सुटतो आणि मासे तो खातात. शेजारच्या काकूंना मासे प्रत्यक्ष दाखवावेत, म्हणजे त्यांची भीतीही जाईल.

परसबाग, सांगली

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. माती व विटांचे काम या रविवारी करते. आंबा छाटणे शक्य नाही. एवढ्या उन्हात येणारी एखादी जात आहे का?

जलवनस्पती छंदी, पुणे

लिलीला पाच-सहा तासांचे ऊन मिळाले तरच ती भरभरून फुलते, म्हणून एक घमेले मोठ्या टबात घालून गच्चीवर किंवा अंगणात उन्हाच्या जागी ठेवावे. हौदासाठी मात्र ‘डॉबेन’ ही फिकट निळी, सुवासिक जात शोधावी. ती इतर जातींपेक्षा कमी उन्हात फुलते आणि लहान जागेतही मावते. तिच्या पानाला देठ जिथे जुळतो तिथे इवलेसे रोप फुटते. त्याला दोन-तीन पाने व मुळे आली की ते पान देठासह कापून, रोप ओल्या चिखलावर दाबून बसवावे आणि वर दोन बोटे पाणी ठेवावे. काकूंनाही त्यातले एक देता येईल.