मनगट वळतंय ना? मग दहाच टक्के!

पाना_पकड (धागाकर्ता)

माझा जावई अमेरिकन हवाई दलात 12 वर्षं विमानांच्या देखभालीवर होता. अडचणीच्या जागी हात घालून पाना फिरवायचा, तोही कायम उजव्याच हाताने. आता त्याला चहा दिला की कप डाव्या हातात घेतो. उजव्यात घेतला तर कप कलतो आणि त्याला कळेपर्यंत अर्धा चहा बशीत आलेला असतो. बरणीचं झाकण लेक उघडून देते.

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याकडे, म्हणजे व्हीएकडे, त्याने अपंगत्व भरपाईचा क्लेम टाकला. मनगट नोकरीमुळेच बिघडलं हे मान्य झालं. अपंगत्वाचं रेटिंग मिळालं 10 टक्के. 2025च्या दराने महिन्याला 175 डॉलर 51 सेंट.

मग मी नियमच वाचायला बसलो (निवृत्ताला दुसरं काय काम). रेटिंगच्या तक्त्यात प्रत्येक व्यंगाला एक कोड आहे. मनगटाच्या हालचालीसाठी 5215 नंबरचा कोड आहे आणि त्यात एकच आकडा आहे: 10. हात मागे 15 अंशसुद्धा वाकत नसेल तरी 10, पुढे वाकवताना सरळ रेषेतच अडकत असेल तरी 10. धडधाकट मनगट मागे 70 आणि पुढे 80 अंश जातं, म्हणजे बघा. याच्या वर जायचं तर सांधा पार आखडून एकाच जागी पक्का व्हायला हवा. तो कोड 5214, तिथे कामाच्या हाताला (जावयाचा उजवा) 30 ते 50. मधे काही नाहीच. अर्धंमुर्धं, दुखतखुपत चालणारं मनगट असेल त्याने काय ते थिजायची वाट बघायची? कोन कसले मोजता, हाताला काय जमतं ते मोजा, एवढंच माझं म्हणणं.

हिशेबी

जावयाचं वाईट वाटलं, पण मुद्दा पटला नाही. झाकण उघडत नाही हे कोण सांगणार? तोच ना? कोन खोटं बोलत नाही.

दुसरं म्हणजे, ही भरपाई एकेका माणसाचं नुकसान मोजतच नाही. त्या व्यंगामुळे कमाईची क्षमता सरासरी किती घटते, हा टक्क्यांचा पाया आहे आणि नियमात तो पहिल्याच कलमात लिहिलाय. मेकॅनिकला जास्त, कारकुनाला कमी असं सुरू केलंत की प्रत्येक फाइल कोर्टात. रक्कम करमुक्त आहे, दुसरी नोकरी करतानाही मिळते, आणि पुराव्याची दोन्ही पारडी सारखी असली तर कौल सैनिकाच्या बाजूने द्यायचा असा कायदाच आहे. अजून किती सैल करायचं?

सांधेवाला

मी हातांवरच उपचार करतो. सांध्याचा कोन मोजायचं गोनिओमीटर रोज हातात असतं, त्यामुळे 'कोन खोटं बोलत नाही' वाचून हसू आलं. सकाळी ताज्या हाताने मोजलेला कोन आणि तासभर स्क्रू ड्रायव्हर फिरवल्यावरचा कोन, दोन वेगळ्या माणसांचे वाटतात. हे तिथल्या न्यायालयांनाही उमगलंय. 1995च्या डेलुका निकालात सांगितलं, की दुखण्याने आणि थकव्याने हालचाल आणखी किती कमी होते ते बघा. 2017च्या शार्प निकालात त्यापुढे गेले: तपासणीच्या दिवशी दुखणं शांत असलं तरी ते उसळतं तेव्हा काय होतं, हे त्या माणसाला विचारा आणि अंदाज नोंदवा. सांगणारा तोच असला म्हणून त्याचं बोलणं रद्दी ठरत नाही, हिशेबीसाहेब.

पण पाना_पकड, याचा तुम्हाला उपयोग नाही. 1997चा जॉन्स्टन निकाल आहे, तोही मनगटाचाच. हालचालीच्या कोडचं कमाल रेटिंग आधीच मिळालं असेल तर डेलुका लावून वर सरकता येत नाही.

मला वेगळीच शंका येतेय. कप कललेला 'कळत नाही' असं तुम्ही लिहिलंत. सांधा दुखतो तेव्हा चांगलंच कळतं. बोटांना मुंग्या येतात का? कोणत्या बोटांना?

जुना_जवान

आपल्याकडे भारतीय सैन्यात हातापायांची वैद्यकीय श्रेणी वेगळी लावतात, 'शेप' या श्रेणीपद्धतीतला 'ए' तोच. पण 2023च्या नव्या नियमांआधी निवृत्त झालेल्यांना मेडिकल बोर्डाने 20 टक्क्यांच्या आत धरलं तर पेन्शनमधला अपंगत्वाचा हिस्सा हातात पडत नाही. 20 गाठले तर मात्र थेट 50 धरतात. 2014च्या राम अवतार निकालानंतर मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही. म्हणून इथे सगळी लढाई त्या विसाच्या उंबरठ्यावर. तुमच्या जावयाला 10 वर पैसे तरी सुरू झाले. इथे 10 म्हणजे शून्य. रडगाणं जरा जपून.

वाचनमात्र

एरवी मी फक्त वाचतो, पण शून्यावरून आठवलं. व्हीएच्या तक्त्यात अनामिका आणि करंगळी कितीही कमी वळो, त्या कोडला 0 टक्केच आहेत. तर्जनी किंवा मधलं बोट तळव्याच्या घडीपासून इंचभर दूर राहिलं की 10. घट्ट मूठ वळायला करंगळी किती लागते ते हातोडी धरणाऱ्याला विचारा.

आणि रेटिंग वाढवून देतो म्हणणाऱ्या एजंटांपासून सांभाळा. पहिला क्लेम भरून द्यायची फी घेणं तिथे कायद्यात बसत नाही. माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी ते फुकट करतात.

पाना_पकड

सांधेवाला, काल फोन केला. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. रात्री उठून हात झटकत बसतो म्हणे. आम्ही सगळे ते मनगटाचंच समजत होतो. तपासणाऱ्याने विचारलं नाही, यानेही सांगितलं नाही. फौजेत 'मुंग्या येतात' म्हणून कोण तक्रार करतं?

सांधेवाला

हात झटकतो ना, तीच खूण. कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दाबली जाणं, असावं, पण नसांची तपासणी झाल्याशिवाय नाव देऊ नका. निघालंच तर ते मिडियन नर्व्हच्या (त्याच दबणाऱ्या नसेच्या) 8515 कोडखाली जातं. तिथे कामाच्या हाताला सौम्य 10, मध्यम 30, तीव्र 50 आणि नस पूर्ण गेली तर 70. त्रास फक्त संवेदनेचा असेल तर जास्तीत जास्त मध्यम. मनगटाचे 10 त्याशिवाय राहू शकतात, फक्त एकच त्रास दोन्हीकडे लावू नका.

हिशेबी

म्हणजे कोड होता, क्लेमच अर्धवट होता. आणि खापर कोनावर!

पाना_पकड

मुंग्यांचा कोड असला म्हणून 10 आणि 30 मधला खड्डा भरला का? ज्याची नस शाबूत आहे आणि सांधाच खिळखिळा झालाय, तो अजून तिथेच पडलाय. माझी तक्रार कायम.

बाकी, पुढच्या आठवड्यात नसांची तपासणी आहे. दोन्ही हातांची करणार. डाव्यालाही सुरुवात झालीय, हे त्याने काल पहिल्यांदा सांगितलं.

हिशेबी

दोन्ही हात? मग थांबा. समजा उजवी नस 30, डावी 20 (मध्यमला दुसऱ्या हाताचे 20च) आणि उजवं मनगट 10, आणि डावीही नोकरीमुळेच हे सिद्ध झालं. तिथे साधी बेरीज नसते. 30 गेले, उरलेल्या 70चे 20 टक्के, झाले 44. उरलेल्या 56चे 10 टक्के, 49.6, म्हणजे 50. दोन्ही हात असल्यामुळे त्याचा दहावा हिस्सा वर, 55. शेवटी 5 आला की वरचा दशक धरतात: 60. 2025च्या दराने एकट्या माणसाला 1,395 डॉलर 93 सेंट, बायकोचे वेगळे.

साधी बेरीज केली असती तरी 60च आले असते म्हणा. कोनाबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. डाव्याचा क्लेम मात्र लगेच टाकायला सांगा.