बॅरी सँडर्सने ऐन भरात फुटबॉल का सोडला?

नवा_लायन्सवाला

नमस्कार मंडळी. डेट्रॉइटजवळ राहायला आल्यापासून ऑफिसमधल्या लोकांच्या नादाने एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) बघायला लागलोय आणि डेट्रॉइट लायन्स आता आपलीच टीम वाटते. नियम बऱ्यापैकी कळतात. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. लायन्सच्या फोर्ड फील्ड स्टेडियमबाहेर त्यांचा जुना रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा खेळाडू) बॅरी सँडर्सचा पुतळा आहे, 2023 मध्ये बसवलेला, त्यामुळे त्याच्याबद्दल वाचायला सुरुवात केली तर आकडे बघून चक्रावलो. 10 सीझन, 153 मॅच, बॉल घेऊन पळत काढलेले 15,269 यार्ड. त्या वेळी सर्वाधिक यार्डांचा रेकॉर्ड वॉल्टर पेटनचा, 16,726 चा होता, म्हणजे फक्त 1,457 यार्ड बाकी होते आणि हा माणूस तेवढे एका वर्षात सहज काढायचा. कुठली मोठी दुखापत नाही, फॉर्म गेलेला नाही, आणि जुलै 1999 मध्ये सीझनआधीचा सराव कॅम्प सुरू व्हायच्या तोंडावर सरळ रिटायर! वय नुकतंच 31 पूर्ण झालेलं. नक्की काय झालं होतं? टीमशी भांडण, पैसे, की शरीराची भीती? ज्यांनी तेव्हा बघितलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

पाँटियाक९१

मी त्या काळात मिशिगनमध्येच होतो आणि पाँटियाकच्या सिल्व्हरडोममध्ये (लायन्सचं तेव्हाचं स्टेडियम) त्याला खेळताना बघितलंय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी माणूस कसा होता ते बघा म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. विचिटा, कॅन्सासचा. अकरा भावंडं, वडील छपरं बसवायची कामं करायचे. उंची जेमतेम 5 फूट 8 इंच म्हणून मोठ्या कॉलेजांनी फारसं विचारलं नाही, शेवटी ओक्लाहोमा स्टेटला गेला आणि तिथे पहिली दोन वर्षं थर्मन थॉमसच्या मागे बेंचवर, तो थॉमससुद्धा पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला बरं का. थॉमस गेल्यावर 1988 मध्ये याला पूर्ण सीझन मिळाला आणि त्याने 11 मॅचमध्ये 2,628 यार्ड आणि 37 रशिंग टचडाउन (बॉल घेऊन पळत गोल लाइन ओलांडणं) केले, तेही बोल गेम (सीझननंतरची खास मॅच) न धरता. हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) मिळाली तेव्हा टीमची मॅच टोकियोला होती, त्यामुळे पठ्ठ्या तिकडे.

1989 च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) लायन्सनी तिसऱ्या नंबरवर घेतला. त्या पहिल्या सीझनच्या शेवटच्या मॅचला काय झालं ते ऐका. रशिंगमध्ये, म्हणजे पळत काढलेल्या यार्डांत, कॅन्सस सिटीचा ख्रिश्चन ओकोये 1,480 वर आणि बॅरी 1,470 वर. मॅच हातात आली होती, कोच वेन फाँट्सने विचारलं की जाऊन ते दहा यार्ड काढतोस का, तर हा नको म्हणाला, मॅच जिंकलोय ना मग झालं. रुकी पोरगा, लीगमधला पहिला नंबर समोर पडलाय आणि तो घेत नाही. टचडाउन केल्यावरही नाच नाही, बॉल आपटणं नाही, सरळ रेफरीच्या हातात बॉल द्यायचा आणि बाहेर यायचा. तेव्हा ज्यांना प्रश्न पडतो की रेकॉर्ड इतका जवळ असून का सोडला, त्यांना मी हेच सांगतो की रेकॉर्ड त्याला कधीच ओढत नव्हता, ओढ होती ती जिंकायची, आणि तेच लायन्सकडे मिळत नव्हतं.

दहा वर्षांत प्लेऑफमधला (बाद फेरीतला) विजय किती? एक. जानेवारी 1992 मध्ये डॅलसला 38-6 हरवलं, त्यात बॅरीचा 47 यार्डांचा टचडाउन होता, तो मी आजही डोळे मिटून सांगू शकतो. पुढच्याच आठवड्यात वॉशिंग्टनने 41-10 धुतलं. त्यानंतर काहीच नाही. मॅनेजमेंट चांगली माणसं टिकवत नव्हती, ब्लॉक करणाऱ्या लाइनमधला लोमस ब्राउन गेला, त्याच लाइनचा सेंटर केविन ग्लोव्हर गेला, आणि ग्लोव्हर बॅरीचा जवळचा मित्र होता. बॅरीने स्वतःच नंतर सांगितलंय की टीम जिंकण्याच्या दृष्टीने काही करत नाहीये असं वाटायला लागलं आणि खेळायची इच्छाच संपली.

चौथा_डाउन

वरचं सगळं मान्य आहे आणि तो महान होता यात वाद नाही. पण सोडण्याची पद्धत मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही. कॅम्पच्या आदल्या दिवशी विचिटाच्या पेपरला फॅक्स पाठवून रिटायर झाला आणि स्वतः लंडनला निघून गेला. दोनच वर्षांपूर्वी मोठा करार केला होता, त्यात 1.1 कोटी डॉलर साइनिंग बोनस (सही करतानाच मिळणारी रक्कम) होता, लायन्सनी त्यातला हिस्सा परत मागितला, लवादापर्यंत गेलं आणि 2000 मध्ये निकाल टीमच्या बाजूने लागला. टीममधल्या पोरांचा विचार करा, सगळा ऑफेन्स (आक्रमण) ज्याच्या भोवती बांधलाय तोच सीझनच्या तोंडावर नाही. मार्चमध्ये सांगितलं असतं तर ड्राफ्टमध्ये तरी काही करता आलं असतं. डेट्रॉइटचे लोक कितीतरी वर्षं त्याच्यावर नाराज होते ते उगाच नाही.

पाँटियाक९१

@चौथा_डाउन नाराजी खरी होती, मीही होतो. पण दुसऱ्या टीमकडे जाऊ द्यायला लायन्स तयार नव्हते, म्हणजे खेळायचं तर इथेच नाहीतर घरी, एवढाच पर्याय उरला होता. आणि त्या मैदानावर त्याने काय काय बघितलं होतं हेही धरा. 1991 मध्ये त्याच्या पुढे ब्लॉक करणारा माइक अटली मॅचमध्ये पडला आणि कायमचा अधू झाला, पुढच्या उन्हाळ्यात त्याच लाइनमधला दुसरा गार्ड एरिक अँडोल्सेक स्वतःच्या घराच्या अंगणात काम करताना ट्रकखाली गेला. मग 21 डिसेंबर 1997, जेट्सविरुद्धची मॅच, ज्या दिवशी बॅरीने 2,000 यार्ड पार केले, त्याच मॅचमध्ये लायन्सच्या डिफेन्समधला लाइनबॅकर रेजी ब्राउन टॅकल करताना मणक्याला मार लागून पडला, श्वास थांबला होता, मैदानावरच त्याला शुद्धीवर आणावं लागलं. तो नंतर चालायला लागला हे नशीब पण परत खेळला नाही. स्टेडियम एका क्षणात जल्लोष करतंय आणि दुसऱ्या क्षणी सगळे गप्प उभे. असं बघितल्यावर माणसाच्या मनात काय चालत असेल ते त्याचं त्यालाच माहीत.

कोपऱ्यातला_सेफ्टी

शरीराच्या मुद्द्यावर लिहितो कारण मूळ प्रश्नात ते आहे आणि मी अमेरिकेत हायस्कूलला डिफेन्स खेळलोय.

रनिंग बॅकला प्रत्येक कॅरीवर (बॉल घेऊन पळताना) मार बसतो, काही अपवाद सोडले तर. क्वार्टरबॅकला (पास फेकणाऱ्याला) वाचवायला नियम आहेत, रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) मोकळी जागा मिळते, पण हा गडी हँडऑफ, म्हणजे क्वार्टरबॅकने हातात दिलेला बॉल, घेऊन दीडशे किलोच्या माणसांच्या गर्दीत शिरतो आणि त्याच्यावर एका वेळी तीन-तीन जण पडतात. बॅरीचे 3,062 कॅरी झाले होते. त्यात लायन्स बरीच वर्षं रन अँड शूट खेळायचे, म्हणजे चार रिसीव्हर लांब पसरलेले आणि बॅकफील्डमध्ये बॅरी एकटा, पुढे वाट करून द्यायला फुलबॅक नाही. डॅलस काउबॉइजच्या एमिट स्मिथपुढे फुलबॅक डॅरिल जॉन्स्टन असायचा आणि त्यांची ती भिंतीसारखी लाइन. बॅरीला बॉल मिळेपर्यंत निम्म्या वेळा डिफेन्सचा माणूस आत आलेला असायचा.

मग तो काय करायचा, तर कबड्डीतला पट्टीचा रेडर करतो तेच. समोरच्याला अंगावर येऊ द्यायचा, त्याचं वजन एका पायावर गेलं की कट मारून दुसरीकडे. गुडघे वाकलेले, मांड्या जबरदस्त, गुरुत्वमध्य इतका खाली की पूर्ण वेगात थांबून परत सुटायचा. सेफ्टी (डिफेन्समध्ये सगळ्यात मागे राहून अडवणारा) म्हणून शिकवतात की कमरेकडे बघ, डोक्याकडे बघू नकोस, पण याची कमरच एकीकडे आणि पाय दुसरीकडे. याची दुसरी बाजू म्हणजे मागे जाऊन वाट शोधताना तो बऱ्याचदा यार्ड गमवायचा. डिसेंबर 1994 च्या प्लेऑफमध्ये ग्रीन बेने त्याला 13 कॅरीत उणे 1 यार्डवर धरला होता, त्याच सीझनला त्याने 1,883 काढले होते! तरी शेवटी सरासरी कॅरीमागे 5.0, दहाही वर्षं 1,100 च्या वर.

आणि थेट मार चुकवायचा म्हणूनच इतका टिकला असं माझं मत आहे. रनिंग बॅक टेरेल डेव्हिस बघा, 1998 मध्ये 2,008 यार्ड, एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू), दुसरी सुपर बोल (लीगची फायनल), आणि 1999 च्या चौथ्या मॅचला गुडघा गेला, त्यानंतर एकही पूर्ण सीझन खेळू शकला नाही. त्याआधीचा रनिंग बॅक अर्ल कँपबेल तर अंगावर घेऊन खेळायचा, त्याला पुढे चालणंसुद्धा मुश्कील झालं. बॅरी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर पडला, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.

नवा_लायन्सवाला

वा, एवढं सविस्तर अपेक्षित नव्हतं, मनापासून आभार. @चौथा_डाउन तुमचा मुद्दाही कळला, फॅक्सचं मला माहीतच नव्हतं. आणखी एक विचारतो, हल्ली ऐकतो की रनिंग बॅकना टीम पैसे देत नाहीत, मग बॅरीसारखा खेळाडू आज आला तर त्याचं काय होईल?

चौथा_डाउन

मिळतील पण झगडावं लागेल. सगळी गणितं पासिंगवर गेली आणि टीमना वाटायला लागलं की ड्राफ्टमधून नवा बॅक स्वस्तात मिळतो, त्याला चार वर्षं वापरा आणि सोडा. 2023 मध्ये सॅकॉन बार्कली, जॉश जेकब्स या रनिंग बॅकना फ्रँचायझी टॅग (खेळाडूला एका वर्षासाठी ठरलेल्या पगारावर अडवून ठेवण्याचा टीमचा हक्क) लावला तो साधारण 1 कोटी डॉलरचा, चांगल्या क्वार्टरबॅकला त्याच्या चौपट-पाचपट मिळत होते. मग 2024 ला त्याच्या टीमने, जायंट्सनी, बार्कलीला जाऊ दिलं, तो फिलाडेल्फियाला गेला, तगडी लाइन मिळाली आणि 2,005 यार्ड काढून सुपर बोल जिंकला. त्याला बघताना माझ्या मनात सारखं यायचं की बॅरीला 25 व्या-26 व्या वर्षी अशी लाइन मिळाली असती तर? पेटनचा तो रेकॉर्ड 2002 मध्ये एमिटने मोडला आणि 18,355 वर थांबला, पण त्याला 226 मॅच लागल्या. बॅरीची सरासरी मॅचला जवळपास 100 यार्ड. करा हिशोब.

सोडण्याच्या पद्धतीबद्दल माझं मत तेच आहे हं. पण 2004 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, त्याच वर्षी लायन्सनी 20 नंबरची जर्सी निवृत्त केली, आणि आता पुतळा. दोन्ही बाजूंनी मिटलंय, हे बघून बरं वाटतं.

पाँटियाक९१

@नवा_लायन्सवाला व्हिडिओ बघणार असाल तर 1997 चा सीझन घ्या. पहिल्या दोन मॅच मिळून फक्त 53 यार्ड, लोक म्हणायला लागले संपला हा, आणि मग सलग 14 मॅच प्रत्येकी 100 च्या वर, शेवटी 2,053 आणि ब्रेट फाव्हरबरोबर विभागून एमव्हीपी. त्यातली ऑक्टोबरमधली टँपा बे विरुद्धची मॅच नक्की बघा, 80 आणि 82 यार्डांचे दोन टचडाउन एकाच मॅचमध्ये, आणि टँपाचा तो डिफेन्स साधासुधा नव्हता, वॉरन सॅप, डेरिक ब्रूक्स, जॉन लिंच सगळे त्यात. मग थँक्सगिव्हिंगची शिकागोविरुद्धची, 167 यार्ड, तीन टचडाउन. हायलाइट्सपेक्षा पूर्ण मॅच मिळाली तर ती बघा, कारण दोन यार्ड, उणे तीन, शून्य, एक असं चाललेलं असताना अचानक तो सुटतो, आणि नुसते तुकडे बघून त्याची मजा कळत नाही.